स्टेनोभाऊंचा खुलासा

ईशान आणि तारा,

गेल्या आठवड्यात घरच्या ग्रुपवर ताराने एक स्टिकर टाकलं. जाड काळ्या फ्रेमचा चष्मा, कानावर पेन्सिल, चेहऱ्यावर कसलाच भाव नाही असा एक माणूस, आणि खाली इंग्रजीत वाक्य: तपासणी गुरुवारी करायची आहे, अहवाल आजच टाइप करा. तिने विचारलं होतं, "आजी, हा सिनेमा तुमच्या अमरावतीचा आहे ना? हे वाक्य लिहिणारा लेखक कोण?" तुमच्या कॉलेजातली मुलं परीक्षेच्या आदल्या दिवशी एकमेकांना हेच स्टिकर पाठवतात, असंही तिने लिहिलं होतं. हसण्यासारखं आहे, मी समजू शकते. पण त्या वाक्याला लेखक नाही. ते पडद्यावर मी आणलं. आणि ज्यांचा तो चेहरा आहे ते आमच्यापासून तीन घरं पलीकडे राहायचे. त्यांना जाऊन पाच महिने झाले. तुम्ही त्यांना नुसतं स्टिकर म्हणून ओळखू नये, म्हणून हे लिहिते आहे.

सगळी कॉलनी त्यांना स्टेनोभाऊ म्हणायची. त्यांचा चेहरा हलत नसे, हात हलत असे. समोर कोणीही बोलू लागलं की त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि दोन बोटं मांडीवर बारीक बारीक फिरू लागत. लग्नातलं भाषण असो, भाजीवालीशी चाललेली घासाघीस असो, ते सगळं उतरवून घेत. मी एकदा वहिनींना, म्हणजे त्यांच्या पत्नीला विचारलं, "यांना राग आलेला तुम्हाला कळतो कसा?" त्या म्हणाल्या, "याईच्या तोंडावर काई दिसलं तं मले बी सांगजा, मॅडम. लग्नात हार घातला तवा बी असंच तोंड होतं. मले वाटलं, पोरगी पसंत नाई."

ते भातकुलीकडच्या एका खेड्यातले. वडील मजुरीला जात. साहेबाच्या शेजारी बसायचं असेल तर साहेबाच्या भाषेत लिहिता आलं पाहिजे, असं त्या वडिलांनी ठरवलं आणि मुलाला अमरावतीच्या टायपिंगच्या क्लासमध्ये आणून बसवलं. तिथून ते इंग्रजी शॉर्टहँड शिकून जिल्ह्यातल्या एका सरकारी कार्यालयात लागले आणि तिथेच त्यांची सगळी नोकरी झाली. शर्टाच्या खिशात कायम तीन पेन्सिली, तिन्हींना दोन्ही बाजूंनी टोक. डिक्टेशनच्या मध्ये टोक मोडलं तर पेन्सिल उलटी करायची, वाक्य सोडायचं नाही. घरची यादी, औषधाच्या वेळा, दूधवाल्याचे खाडे, सगळं शॉर्टहँडमध्ये. वहिनी चिडून म्हणत, "अवं, किराणेवाल्याले हे कोंबडीचे पाय दिसतेत."

कार्यालयात काय चालतं हे त्यांना कोणी विचारलं की उत्तर ठरलेलं होतं: "आपन शब्द घेतो, अर्थ नाई घेत." पण माणसाची पारख त्यांना पक्की होती. एका निवडणुकीत आमच्या चौकात उमेदवाराचं भाषण चाललं होतं. स्टेनोभाऊ ऐकता ऐकता मला म्हणाले, "मॅडम, हा एकशे वीसनं बोलून राहिला. खरं बोलनारा मानूस ऐंशीच्या वर जात नाई." मिनिटाला किती शब्द, हा त्यांचा काटा. त्यानंतर मी स्वतःही वर्गात जरा सावकाश बोलू लागले.

सिनेमा केला तो मनीषाने. मनीषा अकोल्याची, माझी जुनी विद्यार्थिनी. सिनेमाचं नाव 'गोपनीय नस्ती', म्हणजे गुप्त सरकारी फाइल. एक मंत्री खुर्चीतच मरतो. चार अधिकारी ते लपवतात आणि वरुडकडच्या एका हुबेहूब तशाच दिसणाऱ्या संत्रा व्यापाऱ्याला त्या जागी आणून बसवतात. तो मंत्र्यापेक्षा बरा कारभार करू लागतो, म्हणून मग त्याला मारायचा कट शिजतो. या सगळ्याचा एकच साक्षीदार, मंत्र्याचा स्टेनो. मनीषा माझ्याकडे चहाला आली होती, स्टेनोभाऊ वर्तमानपत्र परत द्यायला आले, आणि ती त्यांच्याकडे पाहतच राहिली.

"काका, माझ्या सिनेमात काम कराल?"

"मले काई येत नाई."

"तेच पाहिजे."

त्यांनी कार्यालयाची रीतसर लेखी परवानगी काढली आणि सुट्ट्या टाकून अकोल्याला जाऊन काम केलं. एका प्रसंगात कॅमेरा त्यांच्या वहीवर येतो. मनीषा म्हणाली, "काका, काहीही लिहा, कोणाला वाचता येणार आहे?" कॅमेरा सुरू झाला आणि त्यांनी लिहिलं.

अमरावतीत एका टॉकीजला तीन दिवस आणि अकोल्यात दोन दिवस, एवढाच तो सिनेमा चालला. आम्ही पहिल्याच दिवशी गेलो, हॉलमध्ये सतरा माणसं. त्या वहीच्या प्रसंगाला स्टेनोभाऊ खुर्चीत पुढे सरकून बसलेले मी पाहिले. बाहेर आल्यावर वहिनी म्हणाल्या, "चांगले तं दिसले, कावून गप हाय?" स्टेनोभाऊ रिक्षा बघायला पुढे गेले. पुन्हा तो सिनेमा त्यांनी कधी पाहिला नाही.

पुढे परदेशातल्या एका महोत्सवात तो घेतला गेला आणि मनीषाने इंग्रजी उपशीर्षकं माझ्याकडून करून घेतली. माझी पद्धत तुम्हाला माहीत आहे. वही आखली. पहिल्या रकान्यात वेळ, दुसऱ्यात मराठी, तिसऱ्यात इंग्रजी. सगळे रकाने भरले, एक राहिला. वही नऊ सेकंद दिसते आणि तिथे कोणी बोलत नाही. मला तो रिकामा रकाना बघवेना. बी.ए. झाल्यावर लग्न ठरेपर्यंत मी सहा महिने इंग्रजी शॉर्टहँड शिकले होते, पुढे कधी उपयोग झाला नव्हता. मी चित्र थांबवलं, भिंग घेतलं आणि दोन दुपारी बसून ते वाचलं. तपासणी गुरुवारी करायची आहे. अहवाल आजच टाइप करा. जागा मुलींच्या वसतिगृहासाठी अयोग्य आढळली. मला वाटलं, हा मनीषाचा विनोद आहे, आणि काय सुरेख विनोद आहे! मी तो रकाना भरला. इतक्या वर्षांनी वाचता आलं याचा मला गर्वही झाला. तीन घरं पलीकडे जाऊन विचारावं असं काही सुचलं नाही.

महोत्सवात सगळ्यात मोठा हशा त्या नऊ सेकंदांना पिकला, असं मनीषाने फोनवर सांगितलं. मग सिनेमा मोबाइलवर आला आणि वणवा लागल्यासारखा पसरला. टॉकीजला सतरा माणसं होती. आता पोरं दर शनिवारी जमून तो पाहू लागली. संवाद पाठ, कानावर पेन्सिली, टी-शर्टांवर स्टेनोभाऊंचा चेहरा. ते भाजी आणायला निघाले की मोटारसायकली थांबत. "काका, गुरुवारी तपासनी हाय का?" ते म्हणत, "नाई बाप्पू, जाऊ दे मले." यावरही पोरं हसत, कारण चेहरा तोच असे. हळूहळू त्यांनी चौकातून जाणं सोडलं आणि मागच्या गल्लीने जाऊ लागले. तिथेही पोरं उभी राहू लागली.

त्यांच्यापैकीच एक वकील निघाला. हे वाक्य कुठेतरी खरं असेल का, म्हणून त्याने माहितीच्या अधिकारात अर्ज केले. स्टेनोभाऊंच्याच कार्यालयात एक जुना अहवाल सापडला. टाइप केल्याची तारीख मंगळवारची, तपासणी केल्याची गुरुवारची, आणि जागेबद्दलचे शब्द तेच. गावाचं आणि साहेबांचं नाव मी लिहीत नाही. साहेब केव्हाच निवृत्त होऊन मोठं प्रस्थ झाले होते. त्यांना कोणी काही विचारलं नाही. कार्यालयाची गोपनीय माहिती फोडल्याबद्दल स्टेनोभाऊ निलंबित झाले. निवृत्तीला एक वर्ष राहिलं होतं.

आदेशाचा कागद घेऊन ते माझ्याकडे आले. शेवटची ओळ अशी होती: पूर्वपरवानगीशिवाय मुख्यालय सोडू नये. म्हणजे अमरावतीच्या बाहेर पाऊल टाकायचं नाही. पाठोपाठ त्या साहेबांचा एक माणूसही येऊन गेला होता. त्याने तयार मजकूर आणला होता: वहीवर मी निव्वळ रेघोट्या मारल्या, त्यांना काही अर्थ नाही. सही केली की प्रकरण मिटणार होतं.

मी म्हणाले, "करा सही. मीही लिहून देते, माझी वाचण्यात चूक झाली. उपशीर्षक काढायला सांगते मनीषाला."

"तुमी बरोबर वाचलं, मॅडम."

"पण सुटाल ना तुम्ही!"

"रेघोट्या?" ते म्हणाले. "छत्तीस वर्षं मी रेघोट्या मारल्या, असं लिहून देऊ?"

त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला तो तेवढा एकदाच. मी रडले. ते माझं रडणं संपेपर्यंत थांबले आणि म्हणाले, "तुमचा काई दोष नाई. लिवलं मी. माह्या हातानं काय लिवलं हे मले बी टॉकीजमंदीच समजलं."

चौकशी अकोल्याच्या अधिकाऱ्याकडे दिली गेली. आता अकोल्याला तारखेला जायचं म्हणजे मुख्यालय सोडायचं, म्हणजे अमरावतीची परवानगी हवी. पहिल्या वेळी तारखेला जायची परवानगी तारखेनंतर आली आणि गैरहजर राहिल्याची नोटीस त्याच्याही आधी आली. मनीषा म्हणाली, हे मला सुचलं असतं तर सिनेमात घातलं असतं. पुढे मी स्वतः परवानगीच्या मागे लागू लागले आणि बरोबर जाऊ लागले. बडनेरा, मूर्तिजापूर, अकोला, अशी एस.टी. आणि मांडीवर माझी फाइल. अकोल्याच्या त्या कार्यालयात बाकावर दोन-तीन तास बसायचं. मग आतून बाबू यायचा, खिशातून मोबाइल काढायचा.

"स्टेनोभाऊ, एक फोटो होऊन जाऊ द्या. पोट्टे मांगं लागले हाय घरी."

फोटो झाला की सांगायचा, "साहेब मीटिंगले गेले. पुढची तारीख घ्या."

असं सात वेळा झालं. एकदा परतताना मूर्तिजापूरला गाडी थांबली. मी आलुबोंडे आणले. त्यांनी एक हातात घेतला, खाल्ला नाही. म्हणाले, "माही बहीन सातवीपर्यंतच शिकली. शाळा आठ मैलांवर. वसतिगृह पोट्ट्याईचं होतं, पोरीईचं नव्हतं." गाडी सुटली. बडनेरा जवळ आल्यावर ते पुन्हा बोलले, "हजार पत्रं घेतले मी त्या साहेबाचे. एक बी ध्यानात नाई. हेच कावून रायलं, हे मले कोनी इचारलं तं मी सांगीन. पन ते इचारत नाई. ते इचारतेत, कोनाले सांगतलं."

आठव्या खेपेला चौकशी अधिकारी खरोखर भेटले. तरुण होते, घाईत होते. म्हणाले, "तुम्हाला जे म्हणायचं आहे ते लिहून द्या." कोणत्या भाषेत, कोणत्या लिपीत, हे बोलले नाहीत. स्टेनोभाऊंनी खिशातली पेन्सिल काढली, पाऊण पान भरलं, सही केली आणि कागद पुढे सरकवला. अधिकाऱ्यांनी तो सरळ धरून पाहिला, मग आडवा धरून पाहिला.

"हे काय आहे?"

"माहा खुलासा, साहेब."

"वाचणार कोण?"

"कार्यालयात स्टेनोचं पद हाय ना, साहेब."

पद होतं, माणूस नव्हता. सगळी पत्रं आता कॉम्प्युटरवर होतात. शेजारच्या कार्यालयांना पत्रं गेली की इंग्रजी लघुलिपी वाचणारा सक्षम कर्मचारी असल्यास कळवावे. कुठूनही होकार आला नाही. दोन महिन्यांनी माझ्या पत्त्यावर जाड लिफाफा आला. आत खुलाशाची झेरॉक्स आणि विनंती: आपण सदर लिपी जाणता असे समजते, तरी अक्षरशः वाचन करून द्यावे.

मी ते त्याच संध्याकाळी वाचलं. अक्षरशः वाचन करून पाठवलं असतं तर ती त्यांची कबुलीच ठरली असती, आणि कबुलीनंतर बडतर्फी. चुकीचं वाचून दिलं असतं तर ते सुटले असते, पण त्यांनी माझं तोंड पाहिलं नसतं. मी लिफाफा कपाटात ठेवला आणि कपाटाला कुलूप लावलं. मला वाटलं, वेळ गेला की प्रकरण आपोआप थंड होईल. मी त्यांना वाचवते आहे असं मी स्वतःला समजावलं.

दर रविवारी विहारातून परतताना ते फाटकाशी थांबत. "जयभीम, मॅडम. वाचलं का?"

"वाचते आहे. तुमचं अक्षर कठीण आहे."

त्यांच्या अक्षरात काही कठीण नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. एका रविवारी ते जायला वळले आणि थांबून म्हणाले, "मॅडम, आज तुमी लय घाईनं बोलून राहिल्या." मी त्या दिवशी जेवले नाही.

त्यातच ते निवृत्त झाले. निरोप नाही, हार नाही, चौकशी चालूच. पुण्याला त्यांच्या मुलीला बाळ झालं. वहिनी एकट्या गेल्या, हे गेले नाहीत. मी त्यांना कार्यालयात घेऊन गेले. तिथला बाबू म्हणाला, "काका, नोकरी संपली, तो आदेश बी संपला. जा ना पुन्याले."

"संपला असा कागद द्या."

"त्याचा कागद निघत नाई."

"मंग संपला कसा?"

घरी येताना मी रागावले. कोण अडवतंय तुम्हाला, नातवाला बघायला जायचं सोडून कागद कसला मागता! ते म्हणाले, "असे आदेश लोकाईले मीच टाइप करून दिले, मॅडम. त्याईनं पाळले. आता माह्यावर आला तं मी मोडू?" नातू त्यांनी फोनच्या काचेवर पाहिला. वहिनी तिकडून ओरडत, "हसा ना जरा, लेकरू भेते!" ते हसायचा प्रयत्न करत. तो प्रयत्न पाहवत नसे.

चैत्रात एका दुपारी ते झोपले ते उठले नाहीत. मुलगी आणि वहिनी पुण्याहून आल्या. अंत्ययात्रेत कॉलेजची खूप पोरं होती. एकानेही फोटो काढला नाही, हे मला त्यांच्याबद्दल सांगायला हवं. गेल्या महिन्यात कार्यालयाचं पत्र आलं. ते वहिनींनी मला वाचायला आणून दिलं: संबंधित मयत झाल्याने प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येत आहे. "म्हंजे सुटले का हे?" वहिनींनी विचारलं. मी म्हणाले, "बंद केलं आहे." सुटले असं मला म्हणता येईना.

मी वेळेवर वाचन करून दिलं असतं तर निकाल लागला असता. वाईट लागला असता, पण लागला असता आणि तो घेऊन ते पुण्याला जाऊ शकले असते. पहिल्या वेळी न विचारता वाचलं आणि दुसऱ्या वेळी विचारूनही वाचलं नाही. दोन्ही वेळा मी त्यांना अडकवलं.

तुमचं स्टिकर आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कपाट उघडलं. खुलासा मुळात इंग्रजी शॉर्टहँडमध्ये आहे. तुमच्यासाठी मराठीत देते.

"वहीवरची अक्षरं माझी आहेत. मॅडमनी ती बरोबर वाचली. हे वाक्य मी कोणालाही सांगितलेलं नाही. अहवाल मंगळवारी मीच टाइप केला. गुरुवारी साहेब तपासणीला गेले नाहीत. मी दुपारची रजा टाकून सायकलने गेलो. जागा सपाट होती. विहीर होती, तिला पाणी होतं. रस्ता लागून होता. शाळा दोनशे पावलांवर होती, ती मी मोजली. जागा योग्य होती, हे मी त्या वेळी लिहिलं नाही, कारण मला कोणी विचारलं नाही. आज विचारलं म्हणून लिहितो."

याचं अक्षरशः वाचन मी टाइप करून, सही करून, बंद झालेल्या त्या प्रकरणाचा क्रमांक घालून रजिस्टर्ड पोस्टाने पाठवलं. उपशीर्षक काढलं नाही. मग मनीषाला गाडी घेऊन बोलावलं आणि आम्ही दोघी ती जागा पाहून आलो. वसतिगृह झालेलं नाही. बाकी सगळं त्यांनी लिहिलंय तसंच आहे. विहिरीला अजून पाणी आहे.